मेंदूज्वर : शरीर मेंदूची राखण कशी करते



पावसाळा लागला की गटात फिरताना उसाआधी एक प्रश्न येतो : "साहेब, सकाळी ताप आलेले पोर रात्री बेशुद्ध पडते म्हणतात, ते काय?" ऊसवाल्याने डॉक्टरकी का करावी, असे कोणी म्हणेल. पण या दुखण्याची एक वाट आपल्या गोठ्यातून जाते, म्हणून लिहितो.

१९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा येथे तापाच्या रुग्णांत पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) नवा विषाणू सापडला. गावाचेच नाव त्याला पडले. २००३ मध्ये आंध्रात व महाराष्ट्रात साथ आली. एकट्या आंध्रात ३२९ मुले आजारी पडली, १८३ दगावली. २०२४ मध्ये तो गुजरातेत उठला, आणि गुजरात म्हणजे आगाशी-पालघरकडच्या माणसांना शेजारचेच घर.

आता राखण कशी होते ते पाहू. अंगात इतर ठिकाणी रक्तवाहिन्या मातीच्या पाटासारख्या थोड्या झिरपतात. मेंदूतल्या मात्र सिमेंटच्या पाटासारख्या घट्ट. विषाणूच काय, पुष्कळ औषधेही आत शिरत नाहीत. त्यातूनही कोणी घुसलाच, तर आत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी जन्माआधीपासून वस्तीला असतात. बाधलेली पेशी इंटरफेरॉन हे द्रव्य सोडते. ती शेजारच्या पेशींना हाळी. त्या सावध होऊन विषाणूची वाढ रोखू पाहतात. मागून रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात.

खरी अडचण पुढेच आहे. काणी आलेले बेट आपण उपटून जाळतो आणि नांगी भरतो. शरीरही इतरत्र तसेच करते, बाधलेली पेशी मारून टाकते, नवी येते. मेंदूत नांगी भरता येत नाही. मेलेली चेतापेशी बहुधा गेली ती गेलीच. म्हणून तिथे पांढऱ्या पेशी शक्यतो पेशी न मारता, रासायनिक इशाऱ्यांनी तिच्याकडूनच विषाणू दाबून घेतात. शिवाय कवटी हाडाची. लढाईत सूज चढली तर तिला जागा नाही, राखणीनेच नुकसान होते.

विषाणूवर नेमके बसणारे प्रतिद्रव्य तयार व्हायला आठवडाभर लागतो. चांदीपुरा लहान मुलाला एक-दोन दिवसांतच गाठतो. त्यावर लस नाही, खास औषध नाही. (मेंदूज्वराची लस म्हणून जी देतात ती जपानी मेंदूज्वराची, तो डासांमुळे होतो.) दवाखान्यात झटके, सूज आणि श्वास सांभाळतात, तेवढ्यात शरीराला वेळ मिळतो.

हा विषाणू पसरवते वाळूमाशी. डासापेक्षा पुष्कळ लहान, साध्या मच्छरदाणीच्या भोकातूनही जाते. मातीच्या भिंतींच्या भेगा, ओला गोठा, शेणकचरा ही तिची घरे. भेगा लिंपून घ्या, उकिरडा घरापासून लांब न्या, गोठा कोरडा ठेवा, मुलांना बारीक जाळीत निजवा.

तापात उलट्या, झटके किंवा गुंगी दिसली तर अंगारा-धुपारा करीत रात्र काढू नका. त्याच घटकेला प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

— ऊस विकास अधिकारी