माजी खेळाडूंची गोष्ट, महाविद्यालयाच्या तोंडून

अमेरिकेतली महाविद्यालये चांगले खेळाडू शाळेत असतानाच हेरतात. पहिली ओळख आता बहुधा मोबाइलवर होते. मैदान, व्यायामशाळा, नवे गणवेश यांचे व्हिडिओ सगळेच टाकतात. मुलाच्या आणि आईवडिलांच्या मनातला प्रश्न वेगळाच असतो: चार वर्षांनी खेळ थांबला तर पुढे काय? त्याचे खरे उत्तर त्या वाटेने गेलेला माजी खेळाडूच देऊ शकतो.

कोणाची गोष्ट सांगावी?

नामवंतांची तर सांगावीच, पण तेवढ्यावर थांबू नये. महाविद्यालयात खेळणारे बहुसंख्य विद्यार्थी पुढे व्यावसायिक खेळाडू होत नाहीत. म्हणून आज अभियंता किंवा डॉक्टर असलेल्या जुन्या जलतरणपटूचा एक मिनिटाचा व्हिडिओ मोलाचा ठरतो. पहाटेचा सराव, सामन्याला जाताना बसमध्ये मांडीवर पुस्तक ठेवून केलेला अभ्यास, दुखापतीमुळे बाकावर बसून काढलेला हंगाम आणि तेव्हा कोण पाठीशी उभे राहिले, हे त्याने स्वतःच्या शब्दांत सांगावे. पाठ केलेली स्तुती मुले लगेच ओळखतात.

आपल्यासारखा कोणी दिसला, की...

दूरदेशीच्या मुलाला आपल्याकडचा माणूस तिथे दिसला, की धीर येतो. टेनिसपटू सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून 2007 आणि 2008 अशी सलग दोन वर्षे एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेच्या स्पर्धेत एकेरीचे विजेतेपद मिळवले. सनम सिंगही त्याच विद्यापीठाचा. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत या दोघांनी मिळून दुहेरीचे सुवर्ण जिंकले. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला आणि मग व्यावसायिक टेनिसकडे वळला. पुण्यातल्या कोर्टवर घाम गाळणाऱ्या मुलीला अशी उदाहरणे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा जवळची वाटतात.

नियमांची रेघ

इथे फार जपावे लागते. एनसीएएच्या पहिल्या विभागात (डिव्हिजन वन), क्रीडा विभागाला देणगी देणारा किंवा समर्थक मंडळाचा सदस्य असलेला माजी विद्यार्थी ‘बूस्टर’ ठरतो. त्याने शाळकरी खेळाडूला फोन किंवा मेसेज करून ‘आमच्याकडे ये’ म्हणायचे नाही. प्रशिक्षकांवरही बंधने असतात. खेळाडूची पोस्ट लाइक किंवा शेअर करण्याची मुभा त्यांना 2016 मध्ये मिळाली, पण त्याखाली जाहीर प्रतिक्रिया लिहिण्याची नाही.

त्यामुळे सरळ मार्ग हा: माजी खेळाडूने आपली गोष्ट महाविद्यालयाला द्यावी, महाविद्यालयाने ती अधिकृत खात्यावरून सर्वांसाठी मांडावी. एखादा गुणी मुलगा नजरेस पडला, तर त्याचे नाव प्रशिक्षकाला कळवावे आणि पुढचे त्यांच्यावर सोपवावे.

डॅलसचा धडा

डॅलसमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलपटूंना समर्थकांनी गुपचूप पैसे दिले. एनसीएएने त्या संघाचा 1987 चा संपूर्ण हंगाम रद्द केला. 1988 मध्येही संघ उतरला नाही. विद्यापीठावरच्या प्रेमापोटी हात सैल सोडणाऱ्यांनी आपलाच संघ बुडवला. 2021 पासून मात्र खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते आणि नियम सतत बदलत आहेत. म्हणून कोणतेही पाऊल टाकण्याआधी विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसला, म्हणजे नियमपालन पाहणाऱ्या कार्यालयाला, विचारावे.

मराठी पालकांनी काय पाहावे?

तिसऱ्या विभागातली महाविद्यालये आणि आयव्ही लीग खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या विभागासाठी शाळेतले 16 मूलभूत अभ्यासक्रम पूर्ण लागतात. माजी खेळाडूंचे व्हिडिओ पाहा आणि प्रशिक्षकाला थेट विचारा: तुमच्या संघातल्या किती जणांनी पदवी पूर्ण केली? दुखापतीनंतर शिष्यवृत्ती टिकली का? अनोळखी ‘माजी विद्यार्थी’ आमिष दाखवू लागला, तर ते प्रशिक्षकाच्या कानावर घाला. मुलीची चार वर्षे पणाला लागलेली असताना असे विचारायला संकोच कसला?