तुटलेल्या प्लास्टिकला कोणता गोंद?

कापडाच्या धंद्यात प्लास्टिकचा काय संबंध, असे कोणी विचारील. पण मालेगावच्या यंत्रमागावरील कांडी असो, शिलाई मशीनचे झाकण असो की नाशिकच्या दुकानातील पुतळ्याचा हात, बरेचसे सामान आता प्लास्टिकचेच असते. ते तुटले की हाती येईल तो गोंद लावला जातो आणि दोन दिवसांत जोड सुटतो. विणकराची मजुरी विणलेल्या मालावर ठरते. माग बंद तर मजुरी बंद. म्हणून आमचे कारागीर बंधूंना सांगणे आहे की, गोंद घेण्याआधी प्लास्टिक ओळखा.

ओळख कशी करावी?

पुष्कळ वस्तूंवर त्रिकोणात आकडा छापलेला असतो. २ व ४ म्हणजे पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, ३ म्हणजे पीव्हीसी. आकडा नसेल तर छोटा तुकडा पाण्यात बुडवून सोडा. वर आला तर तो बहुधा पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन समजावा. बादल्या व कॅन याच जातीचे. त्यांचा पृष्ठभाग मेणासारखा असल्याने साधा गोंद धरत नाही. ते उष्णता देऊन, वितळवून जोडता येतात.

तळाशी गेलेल्या प्लास्टिकपैकी मशीनची कडक झाकणे, अ‍ॅक्रिलिक वगैरेंना गोंद चांगला बसतो. तुकडे एकमेकांत घट्ट बसत असतील तर फेविक्विकसारखा झटपट गोंद घ्यावा. तो हवेतील ओलाव्याने जमतो, म्हणून पातळ थर पुरे. जास्त लावला तर जोड कच्चा राहतो. मध्ये फट असेल तर अरल्डाइटसारखा दोन नळ्यांचा गोंद घ्यावा. काचकागदाने जागा खरवडून, पुसून, दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणात मिसळावेत आणि जोड रात्रभर दाबून ठेवावा. पीव्हीसी पाइपला सॉल्व्हेंट सिमेंटच हवे. पांढरा फेविकॉल लाकूड-कागदासाठी आहे. त्यातील पाणी प्लास्टिकमध्ये मुरत नाही, त्यामुळे पकड येत नाही.

कापडवाल्यांनी जपावे

झटपट गोंद सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर तो एकाएकी तापतो, चटका बसतो, कधी धूरही निघतो. म्हणून तो सुती चिंधीने पुसू नये व सुती हातमोजे घालून वापरू नये. बोटे चिकटली तर ओढाताण न करता साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून हळूहळू सोडवावीत.

प्रत्येक तुटका भाग जोडण्याजोगा नसतो. मागाचा पिकर धोट्याला वारंवार फटका मारतो. तेथे गोंदाचा भरवसा धरू नये. धोटा उडाला तर माणसाला इजा होते. विजेच्या तुटक्या बटणाचेही तसेच. असे भाग नवेच बसवावेत. बाकीच्यांसाठी भद्रकालीत गोंद घ्यायला जाताना तुटलेला तुकडा सोबत न्यावा, म्हणजे दुकानदारालाही नेमका गोंद देता येईल.