आवाजाची जुळणी (भाग ४) : खर्ज कुठे ठेवायचा?

सहा बेस लावले होते आणि आवाज दोनांचा येत होता.

मुळशीच्या बाजूला एका फार्महाउसवर तीनेकशे माणसांचा कार्यक्रम होता. सायट्रान्स वाजणार, दुपारी चारला सुरू, रात्री दहाला बंद. आम्ही सकाळीच टेम्पो खाली केला. अठरा इंची एकेरी बेस सहा. एकावर एक रचून तीन जोड्या, तिन्ही डीजेच्या टेबलापुढे मधोमध, एकमेकींना चिकटून. प्रत्येक जोडीला अॅम्पचा वेगळा चॅनल. एकेक जोडी वाजवून बघितली, तिन्ही ठणठणीत. मग तिन्ही एकदम चढवल्या आणि पोटात बसणारा धक्काच गायब. किकचा वरचा ‘टक’ तेवढा उरला.

मला पहिला संशय इक्वलायझरचा आला. अर्धा तास त्याच्याशी झटलो. ४० हर्ट्झ चढव, ६० चढव, क्रॉसओव्हर खाली आण. शेवटी आमच्याकडचा पोऱ्या जाळीवर टॉर्च मारून बघत होता, तो म्हणाला, “दादा, कडेचे चार बाहेर येतायत तेव्हा मधले दोन आत जातायत.”

मधल्या जोडीची वायर आदल्या रात्री मीच भरलेली. एका टोकाला प्लस-मायनसची अदलाबदल झालेली. कोन बाहेर आला की हवा दाबली जाते, आत गेला की विरळ होते. चार जण दाबतायत आणि त्याच क्षणी दोन जण ओढतायत, म्हणजे चारातून दोन वजा, शिल्लक दोन. ही चूक एकट्या बेसवर कधीच कळत नाही, कारण एकटा उलटा असला तरी कानाला सुलटाच वाटतो. दुसरा शेजारी आला की मगच भांडण सुरू होतं. तेव्हापासून नवी वायर भरली की मी ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवून बघतो. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर उसळतो. (टॉपमधल्या, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या पेटीतल्या, हॉर्नच्या ड्रायव्हरला हा प्रयोग करू नका. त्याचा पडदा नाजूक असतो, वर ज्ञान मिळायचं आणि खाली बिल.)

गेल्या तीन आठवड्यांत वीज, अॅम्प आणि क्रॉसओव्हर झाले. आज बेस, म्हणजे खर्ज. माझ्या मते नाचाच्या संगीताची सिस्टिम खालून वर बांधायची असते. पैसा, टेम्पोतली जागा आणि हमालांचा घाम यांतला मोठा वाटा खालच्या दोन सप्तकांत जातो, साधारण ३० ते १२० हर्ट्झमध्ये.

हा खर्ज किती खाली असतो? काळी एकला लावलेल्या मर्दानी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला असते. सायट्रान्समधला बेस बरेचदा ४१ ते ४९ हर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे तानपुऱ्याच्या खर्जाच्याही पुष्कळ खाली. तानपुरा मोबाइलवर ऐकला तरी खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण मोबाइलमधून फक्त वरचे स्वयंभू स्वर येतात आणि मूळ स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. कानाची अशी समजूत घालता येते. पोटाची आणि पायाखालच्या जमिनीची नाही. तिथे मूळ स्वरच पोचावा लागतो.

त्यात आपला कान खर्जाला मुळातच मंद. मोठ्या आवाजातसुद्धा १००० हर्ट्झच्या स्वराइतकाच ४० हर्ट्झचा स्वर जोरकस वाटायला हवा असेल तर तो पंचवीसेक डेसिबल जास्त द्यावा लागतो. पंचवीस डेसिबल म्हणजे तीनशे पटींहून अधिक शक्ती. त्यामुळे “टॉप दोन आणि बेस दोन” हे लग्नाच्या हळदीचं गणित इथे पुरत नाही. आणि अॅम्प दुप्पट वॅटचा घेतला की आवाज दुप्पट होतो, हा समज सोडा. दुप्पट वॅटने मिळतात जेमतेम तीन डेसिबल. तेच पैसे आणखी एका बेसवर, त्याच्या अॅम्पसकट, घातले आणि तो पहिल्याला चिकटून ठेवला तर मिळतात जवळपास सहा: तीन शक्तीचे, तीन शेजाराचे. दोघे एकाच हवेला एकदम ढकलतात, म्हणून. जाहिरातीतल्या पीएमपीओ नावाच्या हजारो वॅटबद्दल मी काही बोलत नाही, सणासुदीला खोटं बोलण्याची आपल्याकडे रीत आहे.

सणाचा विषय निघालाच आहे तर: या सगळ्या पसाऱ्याला आपल्याकडे ‘डॉल्बी’ म्हणतात. मिरवणुकीत डॉल्बी, पोलिसांच्या नोटिशीत डॉल्बी. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला. गोंगाट घटवणाऱ्या माणसाचं नाव आपण गोंगाटाच्या भिंतीला दिलं. त्या भिंतीत पंचवीस बेस असतात, पण ते कोणी रचलेत, कुठला कोणाला खातोय, हे बघायला वेळ नसतो. मग आवाज कमी वाटला की आणखी चार चढवायचे.

खर्जाचा विचार नीट बसून केला तो न्यूयॉर्कच्या काही लोकांनी. डेव्हिड मँकुसो याने १९७० मध्ये ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या जागेत, ‘द लॉफ्ट’मध्ये, नाचाच्या पार्ट्या सुरू केल्या. त्याच्याकडे क्लिप्शहॉर्न स्पीकर होते. हा स्पीकर खोलीच्या कोपऱ्यातच ठेवायचा असतो, कारण त्याच्या आत दुमडलेल्या कर्ण्याचा शेवटचा भाग म्हणजे त्या खोलीच्या दोन भिंती. मला ही कल्पना अजून थक्क करते. ४१ हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते. तेवढ्या लाटेला शोभेल असा कर्णा बांधायचा तर टेम्पो काय, ट्रकही पुरणार नाही. म्हणून घरालाच कर्णा करायचं. पुढे रिचर्ड लाँग याने किंग स्ट्रीटवरच्या एका जुन्या गराजमध्ये, ‘पॅरडाइज गराज’मध्ये, डीजे लॅरी लेव्हानसाठी सिस्टिम उभी केली. तिथल्या मोठ्या बेसच्या कर्ण्यांना लेव्हानचंच नाव पडलं. १९८७ साली तो क्लब बंद झाला, पण नाचाच्या जागेसाठी मुद्दाम वेगळा, स्वतंत्र खर्ज बांधायचा, ही पद्धत तिथून जगभर गेली.

आता पेटी कुठली? बाजारात दोन घराणी आहेत. एक रिफ्लेक्स: पेटीला भोक, त्यातून कोनच्या पाठीमागचा वारा ठरावीक स्वराला मदत करतो. दुसरं हॉर्न: कोनपुढे दुमडलेला कर्णा. रिफ्लेक्स लहान पेटीत खोल जातो, हॉर्न लांबवर मारतो. भाड्याच्या धंद्यात रिफ्लेक्सच जास्त, कारण तो जिन्यातून वर जातो. पण सायट्रान्सला माझं मन हॉर्नकडे झुकतं, आणि त्याचं कारण घड्याळात आहे. या संगीताची गती मिनिटाला १४५ ठोके धरा. एका ठोक्याला साधारण ०.४१ सेकंद. त्याचे चार भाग: पहिल्यावर किक, उरलेल्या तिन्हींवर बेसचे तीन तुटक स्वर. प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाचा दहावा हिस्सा. ४१ हर्ट्झच्या लाटेची एक फेरी २४ मिलिसेकंदांची, म्हणजे दर स्वराला जेमतेम चार फेऱ्या, आणि लगेच थांबायचं. भोकाची पेटी आपल्या ठरलेल्या स्वराशी आली की थांबायचं विसरते, स्वराला शेपूट फुटतं. तीन स्वरांऐवजी एक लांबट ‘घूंऽऽ’ ऐकू येतं. हाउस संगीताला, १२५ च्या गतीला, ते चालून जातं. तीही मजाच असते. त्या दिवशी मुळशीला आमच्याकडे रिफ्लेक्सच होते, हेही सांगून टाकतो. हॉर्न दुसऱ्या कामावर गेले होते.

पेटी कुठलीही असो, ठेवली कुठे यावर अर्धं काम. लॉनवर नेहमीचा रिवाज म्हणजे स्टेजच्या डाव्या अंगाला अर्धे बेस आणि उजव्या अंगाला अर्धे. दिसायला छान. आता दोन्ही ढीग दहा मीटर अंतरावर आहेत असं धरा आणि ६० हर्ट्झचा अखंड स्वर लावून दहा मीटर पुढे, डावीकडून उजवीकडे चालत जा. बरोबर मध्यावर स्वर छातीवर आदळेल. मध्यापासून सव्वातीन मीटर बाजूला गेलात की तो मरेल, जणू कोणी बटण बंद केलं. तिथे एका ढिगाचा आवाज दुसऱ्यापेक्षा २.९ मीटर जास्त चालून येतो, आणि ६० हर्ट्झच्या लाटेची अर्धी लांबी नेमकी तेवढीच. एकाचा दाब, दुसऱ्याचा ओढा. उलट्या वायरीने जे आमच्या सगळ्या मैदानावर केलं, तेच डावे-उजवे बेस मैदानाच्या पट्ट्यापट्ट्यांवर करतात. मधल्या गल्लीत उभ्या नवरदेवाचे मित्र खूश, आणि दोन पावलं पलीकडचा काका विचारतो, बेस आहे का नाही? इक्वलायझरने हे सुटत नाही, कारण जिथे वजाबाकी शून्यावर आली तिथे कितीही वाढवा, दोन्हीकडून सारखंच वाढतं. म्हणून शक्य असेल तिथे सगळे बेस मधोमध, एका ढिगात. डीजे कुरकुरतात, फोटोत ढीग येतो म्हणतात. फोटोत खर्ज ऐकू येत नाही.

तर वायर सुलटी केली. सहाचे सहा एका दमात बाहेर आले आणि मैदानाच्या टोकाला उभ्या टेम्पोच्या काचा थरथरायला लागल्या. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. तेवढ्यात फार्महाउसचे राखणदार काका मागून आले. डीजेच्या पाठीमागे त्यांची पत्र्याची शेड, तिथे दोन म्हशी. “पत्रा खडखडतोय, जनावर उठून उभं राहिलंय. दहापर्यंत असंच चालणार का?” आणि शेडच्या मागे कुंपण, कुंपणापलीकडे वस्ती.

खर्जाला पुढे-मागे कळत नाही. लाट साडेआठ मीटरची, पेटी जेमतेम मीटरभर. तिला वळसा घालून तो मागेही तेवढ्याच निवांत जातो. आणि आवाज मोजायचं नेहमीचं यंत्र त्याला पकडत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांत जे कमी असेल त्याच्या पुढे जायला नको. पण हे डेसिबल ‘ए’ पद्धतीचे, म्हणजे कानाच्या मंदपणाची नक्कल करणारे. नुसता ५० हर्ट्झचा स्वर १०५ डेसिबलने वाजला तरी ‘ए’वरचा मीटर ७५ दाखवतो. कागदावर आकडा साधा, आणि वस्तीतल्या घराची कडी वाजतेय. म्हणून मी मीटर ‘सी’वर, म्हणजे खर्ज न वगळणाऱ्या पद्धतीवर, टाकूनही एकदा बघतो, आणि त्याहीपेक्षा कुंपणाशी जाऊन स्वतः उभा राहतो.

उपाय हाताशी होता, सकाळच्या चुकीतच. मधली जोडी तोंड मागे करून फिरवली. तिच्या वायरीला हात लावला नाही. प्रोसेसरमध्ये तिची फेज उलटी केली आणि तिला थोडा उशीर दिला. उशीर किती, तर पेटीच्या तोंडापासून पाठीपर्यंतचं अंतर आवाजाने चालायला जेवढा वेळ लागेल तेवढा. आमची पेटी ९० सेंटिमीटर खोल, म्हणून २.६ मिलिसेकंद. आता मागच्या बाजूला पुढच्या चौघांचा दाब आणि मागच्या दोघांचा ओढा एकाच वेळी पोचतात आणि एकमेकांना खातात. पुढच्या बाजूला मात्र मागच्या जोडीचा आवाज दुहेरी उशीर करून येतो, तोवर लाट फिरलेली असते, आणि ते भांडण राहत नाही. पुढचा जोर थोडा उतरला, ते कबूल. सहाच्या जागी पाचाचं काम झालं म्हणा.

काका शेडच्या दारात उभे होते. पोऱ्याने तिकडून हात वर केला, म्हणजे पत्रा थांबला. मी विचारलं, म्हशी? तो म्हणाला, “एक बसलीये, दुसरी अजून बघतीये.”

पुढल्या आठवड्यात टॉप: कर्ण्याचं तोंड किती उंचीवर आणि कोणाच्या कानाकडे.