एका क्रियाविशेषणाला वाक्य शोधताना

पडद्याच्या मधोमध एकच शब्द ओळीखाली ओळ उभा असतो: एक्स्क्विझिटली. त्याच्या दोन्ही अंगांना कादंबऱ्या, वर्तमानपत्रं, प्रवासवर्णनं यांतून तोडून आणलेले वाक्यांचे तुकडे. या मांडणीला कॉन्कॉर्डन्स म्हणतात. इंग्रजी-मराठी कोशासाठी उदाहरणवाक्यं निवडायची, तर माझं काम इथून सुरू होतं. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा १९९४ मध्ये पूर्ण झालेला सुमारे १० कोटी शब्दांचा संग्रह आहे. त्यातला नव्वद टक्के मजकूर लेखी, बाकीचा बोलण्यातला. अशा संग्रहातून नेमका शब्द मागितला की क्षणात ओळी हजर होतात. खरं काम त्यानंतरच्या वाचण्याचं.

पहिली युक्ती साधी आहे. शब्दाच्या लगेच उजवीकडे जे येतं, त्याच्या वर्णक्रमाने ओळी लावायच्या. मग एकसारखी माणसं एकत्र उभी राहावीत तसे शब्द गोळा होतात. कार्व्ह्ड, क्राफ्टेड, ड्रेस्ड, एम्ब्रॉयडर्ड, पेंटेड: कोरलेलं, घडवलेलं, नटलेलं, कशिदा काढलेलं, रंगवलेलं. कुणाचा तरी हात बराच वेळ त्या वस्तूवर फिरलेला आहे. मोठं, जाड, नेहमीचं अशा शब्दांना मात्र हे क्रियाविशेषण सहसा जवळ करत नाही. शब्द ओळखायचा तर त्याची संगत पाहा, हे जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडलं. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या गटाने तो विचार संगणकावर राबवला आणि १९८७ मध्ये कोबिल्ड कोश काढला.

त्याआधी हेच काम कागदाच्या चिठ्ठ्यांवर होत असे. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशासाठी हजारो वाचक पुस्तकांतून वाक्यं उतरवून पाठवत. ‘ई’ अक्षराचं संपादन हेन्री ब्रॅडली यांच्याकडे होतं. म्हणजे आपला हा शब्दही त्यांच्याच हाताखालून गेला. मुख्य संपादक जेम्स मरे यांची एक तक्रार मला फार मोलाची वाटते. वाचक दुर्मीळ शब्द हौसेने टिपत आणि रोजचे शब्द सोडून देत. ‘अब्यूजन’ या विस्मृत शब्दाच्या सुमारे पन्नास चिठ्ठ्या आल्या, आणि ‘अब्यूज’च्या पाचसुद्धा नव्हत्या. डोळ्यांना जे नवलाचं तेच दिसतं. कॉर्पस मोजताना नवल आणि नेहमीचं असा भेद करत नाही, हा त्याचा मोठा उपकार. आपल्याकडे दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात, १९३२ ते १९३८ या काळात, जुन्या ग्रंथांतले दाखले नोंदींना जोडले गेले. ते चाळताना अर्थापेक्षा दाखलाच मनात जास्त काळ राहतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

ओळी वाचत खाली जावं आणि मध्येच दुसराच घोळका लागतो: पेनफुल, टेंडर, सेन्सिटिव्ह. इथे सौंदर्याचा संबंध नाही. गाऊटमध्ये पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात युरिक आम्लाचे स्फटिक साचतात, सांधा लाल होतो, आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. असा सांधा तपासून डॉक्टर लिहितात: एक्स्क्विझिटली टेंडर. या शब्दाचं लॅटिन मूळ ‘शोधून काढणं’ या क्रियेतलं आहे. बारकाव्याच्या टोकापर्यंत पोचलेलं ते सगळं याच्या कक्षेत येतं. कशिद्याचा टाका तसा वेदनेची धारही. कोशात निव्वळ फुलं, दागिने आणि नृत्य यांचीच वाक्यं दिली, तर वैद्यकाचं पहिलं वर्ष शिकणारी मुलगी रुग्णाच्या कागदावर हा शब्द वाचून गोंधळेल. तिच्यासाठी ते दुसरं वाक्य हवंच.

मग निवड. ‘द गार्डन वॉज एक्स्क्विझिटली ब्यूटिफुल’ हे वाक्य व्याकरणात बसतं, आणि तरी मी ते वगळतो. क्रियाविशेषणाच्या जागी ‘व्हेरी’ ठेवून पाहिलं, तर बागेचं काहीच बिघडत नाही. ‘द आयव्हरी बॉक्स वॉज एक्स्क्विझिटली कार्व्ह्ड’ यात मात्र ‘व्हेरी’ बसतच नाही, कारण कोरलेलं हे कमी-जास्त होणारं विशेषण नव्हे. कोरणं कसं झालं हे सांगायला दुसरा शब्द लागतो. वेदनेच्या वाक्यात ही कसोटी चालत नाही. तिथे ‘व्हेरी टेंडर’ सहज खपतं. म्हणून तिथे वाक्यातच पुरावा हवा: सांधा इतका हळवा की चादरही सहन होईना. तो पुरावा नसेल, तर क्रियाविशेषण नुसता जोर लावतं आणि वाचणाऱ्याला काही कळत नाही.

जागेचाही प्रश्न असतो. ‘तिने अभंग सुरेख म्हटला’ या मराठी वाक्यात ‘सुरेख’ क्रियापदाच्या अलीकडे बसतं. इंग्रजीत क्रियापद आणि कर्म एकमेकांना चिकटून राहतात आणि क्रियाविशेषण त्यांच्या मागे जातं: ‘शी सँग द अभंग एक्स्क्विझिटली’. मराठी घरात वाढलेली मुलं ते क्रियापदाला लागूनच ठेवतात आणि कर्म मागे ढकलतात. मराठी वाचकांसाठीच्या कोशात म्हणून शेवटी क्रियाविशेषण असलेलं निदान एक वाक्य द्यायलाच हवं. इंग्रजांसाठी लिहिलेल्या कोशाला त्याची गरज भासणार नाही.

सिंक्लेअर खऱ्या, सापडलेल्या वाक्यांबद्दल फार आग्रही होते, आणि त्यांचा आग्रह मला पटतो. पण सापडलेल्या वाक्यात बहुधा कुणी ‘ती’ किंवा ‘ते’ असतं आणि ते कोण हे मागच्या पानावर राहिलेलं असतं. २००८ मध्ये ॲडम किलगॅरिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीडेक्स ही पद्धत मांडली. ती अशा लोंबत्या सर्वनामांना, फार लांब वाक्यांना आणि अवघड शब्दांना गुण कमी देते आणि बरी वाक्यं वर आणते. वर आलेल्यांतली मी वाचतो, एखादा उपवाक्यांश छाटतो, संगत मात्र तशीच ठेवतो. कार्व्ह्डच्या जागी आपल्या मनाने दुसरं क्रियापद घालायचं नाही. सर्वांत वर कोरलेल्या पेटीचं वाक्य ठेवतो, मग अभंगाचं, आणि तिसरं सांध्याचं, त्यामागे ‘वैद्यकीय’ ही खूण लावून.