धंदा सुरू केला तर लाडकी बहीणचे १५०० बंद होतात का?



परवा दुकानात एक ताई आल्या. घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात, ऑर्डर वाढल्यात. म्हटलं, "ताई, उद्यम रजिस्ट्रेशन करून घ्या, लोनला उपयोगी पडेल." तर म्हणाल्या, "नको दादा, सरकारला कळलं की माझे दीड हजार जातील!"

भिवंडीत ही भीती घरोघरी आहे. म्हणून आज सरळ हिशोब मांडतो.

नुसत्या रजिस्ट्रेशनने पैसे बंद होत नाहीत. योजनेच्या अटींमध्ये "स्वतःचा धंदा नको" असं कुठेही नाही. अटी वेगळ्याच आहेत:

१. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं.
२. घरात कोणी आयकरदाता नको.
३. घरात कोणाच्या नावावर चारचाकी नको. सूट फक्त ट्रॅक्टरला.

आता नीट बघा. उत्पन्न कुटुंबाचं मोजतात, एकट्या तुमचं नाही. समजा, मिस्टर लूमवर महिना १४,००० कमावतात. वर्षाचे झाले १,६८,०००. तुमच्यासाठी उरले ८२,०००, म्हणजे महिन्याला साधारण ६,८०० रुपये. पण हा नफा बरं का, गल्ला नाही! कापड, दोरा, लाइट बिल वजा करून जे उरतं ते. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा. लोनची रक्कमही उत्पन्न नसते, ती फेडायची असते.

लोक फसतात ते दोन ठिकाणी:

पहिलं, फुगवलेलं रिटर्न. मोठं लोन मिळावं म्हणून एजंट म्हणतो, "चार लाख दाखवू." कागदावर चार लाख आले की अडीच लाखांची मर्यादा तुम्ही स्वतःच ओलांडली. जे खरं आहे तेच दाखवा.

दुसरं, टेम्पो. माल पोचवायला मिस्टरांच्या नावावर छोटा हत्ती घेतला, तर तोही चारचाकीच. धंद्याचा आहे म्हणून सूट नाही. तीनचाकी असेल तर ही अट लागत नाही.

आणि लपवून चालेल असं समजू नका. सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी आलं, त्यात पती किंवा वडिलांचा आधारही मागतात.

शेवटचं, मनापासून सांगतो. १५०० गुणिले १२, म्हणजे वर्षाला १८,०००. सुरुवातीला हा मोठा आधार आहे, हक्काने घ्या. पण तो टिकवायला ऑर्डर परत पाठवू नका. धंदा महिन्याला पाच हजार जास्त देत असेल, तर वर्षाचे ६०,००० होतात. ज्या दिवशी मर्यादा ओलांडाल, त्या दिवशी दीड हजार खुशाल सोडा आणि पेढे वाटा!

आज रात्री एकच काम करा. वही काढा आणि घरातल्या सगळ्यांची कमाई लिहून बेरीज मारा.