पत्र्याच्या घराला उजेड कोण देणार?

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' आणली. छपरावर सौर पॅनेल बसवणाऱ्या घराला 2 किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटमागे 30 हजार रुपये, तिसऱ्या किलोवॅटला 18 हजार, म्हणजे जास्तीत जास्त 78 हजार रुपये अनुदान. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण अटी वाचा. घर स्वतःचे हवे, छत पॅनेल पेलणारे हवे आणि घरात विजेची जोडणी आधीच असायला हवी. गायरानावर पिढी काढलेला भूमिहीन, झोपडपट्टीतल्या भाड्याच्या खोलीतला कामगार, वीटभट्टीवरचे कुटुंब यांपैकी या अटींत कोण बसतो? ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळते, हा या देशातल्या योजनांचा जुनाच रिवाज आहे!

वीज हा आपला विषय नाही, असे मानणारे कार्यकर्ते आम्हाला नेहमी भेटतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. ऑक्टोबर 1943 मध्ये वीजविषयक धोरण समितीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. जयंतीला वस्तीत रोषणाई होते, तिच्या बिलावरून भांडणेही होतात. पण देशाच्या वीज धोरणाचा पाया घालणाऱ्यांत बाबासाहेब होते, हे त्या रोषणाईखाली उभ्या असलेल्या पोरांना कुणी सांगत नाही.

आधी कायद्याचे बोलू. वीज कायदा 2003 च्या कलम 43 नुसार जागेचा मालक किंवा तिचा भोगवटा असलेला, कुणीही अर्ज केला तर वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. 'मालक किंवा भोगवटादार' हे शब्द नीट वाचावेत. दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले, की वीज ही मूलभूत सुविधा आहे आणि घरमालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्या कारणाने भाडेकरूला ती नाकारता येत नाही. तरीही सातबारा नाही म्हणून अर्ज खिडकीवरूनच परत केला जातो. मग माणूस शेजारच्या मीटरवरून वायर ओढतो आणि दर 'पॉइंट'मागे तो मागेल ते पैसे देतो, किंवा तारेवर आकडा टाकतो आणि कलम 135 खाली चोर ठरतो. म्हणून अर्ज लेखीच द्या, पोच घ्या. नाकारला तर नकारही लेखी मागा.

पण निकाल लागेपर्यंत पोराने अभ्यास कशाखाली करायचा? येथे दुसरा रस्ता आहे. स्वतःच्या घरापुरती वीज स्वतः तयार करायला कायद्याने परवाना लागत नाही. आणि पत्र्याच्या एका खोलीचा संच दहावी शिकलेल्या मुलामुलींना स्वतःच्या हाताने जोडता येतो.

हिशेब असा. 7 वॅटचे तीन एलईडी दिवे पाच तास, म्हणजे 105 वॅट-तास. 12 व्होल्टवर चालणारा 25 वॅटचा पंखा आठ तास, म्हणजे 200. दोन मोबाईलना आणखी 25 धरा. एकूण 330. आपल्याकडे 100 वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला 400 वॅट-तासांच्या आसपास देते, म्हणजे एक पॅनेल पुरते. बॅटरीसाठी 330 ला 12 ने भागा, साडेसत्तावीस अँपिअर-तास येतात. साधी शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून ती 60 च्या वरची घ्यावी. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर 40 ची चालते. महाग पडते, पण टिकते जास्त.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण 20 अंश कलता ठेवावा. पत्र्याला चिकटवू नये, खाली चार बोटे हवा खेळू द्यावी, कारण पॅनेल तापले की वीज कमी देते. झाडाच्या एका फांदीची सावली पडली तरी उत्पादन बरेच घसरते. '12 व्होल्टचे' म्हणून विकले जाणारे पॅनेल उघड्या तारांवर 21-22 व्होल्ट दाखवते. ते थेट बॅटरीला जोडले तर बॅटरी उकळते, म्हणून मध्ये चार्ज कंट्रोलर लागतोच. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल, काढताना उलट. बॅटरीच्या अधिक टोकाजवळ फ्यूज हवाच हवा. 12 व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण दोन टोके पान्याने एकत्र आली तर वायर जळते, घरही जळू शकते.

फसवणूक मात्र वायरीत होते. हाच 25 वॅटचा पंखा 230 व्होल्टवर 0.1 अँपिअर ओढतो, 12 व्होल्टवर 2 अँपिअर. घरच्या बल्बची बारीक वायर लांबवर नेली की वाटेतच व्होल्ट गळतात, पंखा मंदावतो आणि दुकानदार म्हणतो, पॅनेल खराब आहे, नवे घ्या! म्हणून वायर जाड आणि आखूड असावी. 230 व्होल्टच्या कामाला मात्र परवानाधारक वायरमनच बोलवावा. तेथे हौस नको.

ज्या खोलीला खिडकीच नाही तेथे दिवसाही दिवा लागतो. ब्राझीलच्या आल्फ्रेडो मोझर या मेकॅनिकने 2002 मध्ये त्यावर उपाय काढला. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, पाणी आणि शेवाळ धरू नये म्हणून दोन झाकणे ब्लीच. पत्र्याला भोक पाडून बाटली अर्धी वर, अर्धी खाली बसवायची आणि कडा पक्क्या सील करायच्या. 40 ते 60 वॅटच्या बल्बइतका उजेड पडतो, अर्थात उन्हात.

संच उभा करण्यापेक्षा तो चालू ठेवणे अवघड. बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गावात 2014 मध्ये ग्रीनपीसने 100 किलोवॅटचा सौर प्रकल्प उभारला. गाजावाजा झाला. पण गावकऱ्यांना 'असली बिजली', म्हणजे सरकारी तारेची वीज हवी होती, आणि त्यांचे चुकले नव्हते. पुढे सरकारी तार आली, बॅटऱ्या संपल्या, प्रकल्प बंद पडला आणि त्या जागेचा गोठा झाला. सौभाग्य योजनेने 2017 पासून दुर्गम घरांना 200 ते 300 वॅटचे संच द्यायचे ठरवले, त्यांची देखभाल पाच वर्षांची. सहाव्या वर्षी काय? उलट राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने निरक्षर आज्यांना रंगांच्या खुणांवरून सर्किट जोडायला शिकवले. त्या आपापल्या गावी परतून दिवे दुरुस्त करतात. आमच्या पदवीधरांना मात्र पाना हातात धरायला लाज वाटते. हाताच्या कामाला हलके मानण्याचा हा रोग आपल्याला कुणी लावला, हे वेगळे सांगायला नको.

मीटरचा अर्ज सौर दिव्याच्या बदल्यात मागे घेऊ नका. 'तुमच्याकडे सोलर आहे ना!' हे उत्तर अधिकाऱ्याकडून येणारच, ते कायद्यात बसत नाही. पहिला संच वस्तीतल्या विहाराच्या पत्र्यावर बसवावा आणि तो आयटीआयच्या मुलामुलींनी सर्वांसमोर जोडावा. मल्टिमीटर, जादा फ्यूज आणि शिशाच्या बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटर तेथेच ठेवावे. नळाचे पाणी बॅटरीत घालू नये. बॅटरी चुलीपासून दूर, हवेशीर जागी असावी. दर रविवारी व्होल्ट मोजून वहीत लिहावेत आणि पॅनेलवरची धूळ सकाळी, ऊन तापण्याआधी, ओल्या फडक्याने पुसावी. जून ते सप्टेंबर ढगाळ दिवसांत पंखा आधी बंद करावा, मग मोबाईल, आणि अभ्यासाचा दिवा सर्वांत शेवटी.