थेरॅक-२५

थेरॅक-२५ हे अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड (ए.ई.सी.एल.) या कॅनडातील सरकारी कंपनीने तयार केलेले, संगणकाद्वारे नियंत्रित होणारे किरणोपचार यंत्र होते. कर्करोगाच्या उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या या यंत्रामुळे जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे सहा रुग्णांना ठरवलेल्या मात्रेच्या कित्येक पट किरणमात्रा मिळाली. त्यांपैकी तिघांचा मृत्यू या अतिमात्रेशी जोडला जातो. यंत्राच्या सॉफ्टवेअरमधील दोष हे अपघातांचे तात्कालिक कारण होते. तथापि सॉफ्टवेअर निर्मितीच्या नीतिशास्त्रात हे प्रकरण अभ्यासले जाते ते मुख्यतः अन्य कारणासाठी. दोष असू शकतो ही शक्यताच निर्मात्यांनी दीर्घकाळ नाकारली आणि त्या नकाराची किंमत रुग्णांनी मोजली.

== रचना ==

थेरॅक-२५ हे रेषीय त्वरक प्रकारचे यंत्र होते. इलेक्ट्रॉनांना वेग देऊन त्यांची शलाका थेट रुग्णाच्या शरीरावर सोडणे किंवा त्याच इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरण निर्माण करून ते शरीरात खोलवर पोहोचवणे, अशा दोन पद्धतींनी त्याचा उपयोग करता येई. क्ष-किरणांसाठी इलेक्ट्रॉन प्रवाह सुमारे शंभर पट तीव्र ठेवावा लागे, कारण मार्गात बसवलेल्या लक्ष्यात व शलाका सपाट करणाऱ्या धातूच्या शंकूत त्यातील बरीचशी ऊर्जा खर्ची पडे. ही उपकरणे एका फिरत्या तबकडीवर बसवलेली होती. तबकडी चुकीच्या जागी असताना तीव्र प्रवाह सुरू झाल्यास रुग्ण व शलाका यांच्यामध्ये अडसर असा काहीच उरत नसे.

याआधीच्या थेरॅक-६ व थेरॅक-२० या यंत्रांत असा प्रसंग टाळण्यासाठी विद्युत-यांत्रिक कुलपे होती आणि ती यंत्रे संगणकाविनाही चालवता येत. थेरॅक-२५ मध्ये यातील बरीच कुलपे वगळण्यात आली व त्यांचे काम पी.डी.पी.-११ या लघुसंगणकावरील आज्ञावलीकडे सोपवण्यात आले. ही आज्ञावली एकाच प्रोग्रॅमरने असेंब्ली भाषेत लिहिली होती आणि तिचे काही भाग जुन्या यंत्रांच्या आज्ञावल्यांतून घेतलेले होते. जुन्या यंत्रांवर वर्षानुवर्षे चाललेली आज्ञावली निर्दोष असणारच, असे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात थेरॅक-२० मध्येही तोच दोष दडलेला होता. शिकागो विद्यापीठात विद्यार्थी ते यंत्र हाताळू लागले की त्याचे फ्यूज वारंवार उडत. तेथे कुलपे असल्याने केवळ फ्यूज उडाले, कोणी भाजले नाही आणि म्हणूनच दोष कोणाच्या लक्षातही आला नाही. थेरॅक-२५ मुळे अपघात झाल्यानंतरच या फ्यूजांचा उलगडा झाला.

अशी एकूण ११ यंत्रे बसवण्यात आली, त्यांपैकी पाच अमेरिकेत व सहा कॅनडात होती.

== अपघात ==

पहिला अपघात ३ जून १९८५ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील मॅरिएटा येथे घडला. रुग्ण महिलेने तत्क्षणी भाजल्याची तक्रार केली. रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञाने कंपनीकडे विचारणा केली असता, असे घडणे शक्य नाही, असे उत्तर मिळाले. जुलैमध्ये कॅनडातील हॅमिल्टन येथे यंत्राने पुनःपुन्हा थांबून ‘मात्रा दिलेली नाही’ असे दर्शवले. चालकाने दर वेळी पुढे चालू ठेवण्याची कळ दाबली. या अपघातानंतर कंपनीने एका सूक्ष्म स्विचवर संशय घेतला, त्यात बदल केला आणि यंत्राची सुरक्षितता किमान पाच दशमान श्रेणींनी, म्हणजे लाख पटींनी, वाढल्याचे जाहीर केले. तो स्विचच अपघाताचे कारण होता, हे मात्र कंपनीला सिद्ध करता आले नव्हते. डिसेंबर १९८५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे तिसरा अपघात झाला. तेथील रुग्णालयालाही कंपनीने अशी इजा यंत्रामुळे होणे अशक्य असल्याचे आणि तशी अन्य उदाहरणे नसल्याचे लेखी कळवले.

टेक्सास राज्यातील टायलर येथील दोन घटनांमुळे प्रकरणाला वळण मिळाले. २१ मार्च १९८६ रोजी एका पुरुष रुग्णाच्या पाठीवर १८० रॅड एवढी मात्रा द्यायची होती. अनुभवी चालक महिलेने सवयीने इलेक्ट्रॉनांऐवजी क्ष-किरणांचे अक्षर टंकले, चूक ध्यानात येताच वर जाण्याच्या कळीने मागे जाऊन ते दुरुस्त केले आणि शलाका सुरू केली. पडद्यावर ‘बिघाड ५४’ एवढाच संदेश उमटला व मात्रा कमी दिली गेल्याचे दिसले. त्या दिवशी उपचारकक्षाचा चित्रपडदा जोडलेला नव्हता आणि ध्वनियंत्रणा बंद होती. रुग्णाला पाठीत तीव्र झटका बसला. तो उठण्याचा प्रयत्न करीत असतानाच दुसऱ्यांदा शलाका सुटली व त्याच्या हाताला लागली. शेवटी त्याने दारावर धक्के मारून लक्ष वेधले. त्याला एका सेकंदाहून कमी वेळात १६,५०० ते २५,००० रॅड मात्रा मिळाली असावी, असा अंदाज नंतर बांधण्यात आला. पाच महिन्यांनी त्याचा मृत्यू झाला.

कंपनीच्या अभियंत्यांनी तपासणी केली, पण त्यांना बिघाड पुन्हा घडवता आला नाही. रुग्णाला विजेचा धक्का बसला असावा, असे त्यांनी सुचवले आणि अतिमात्रेची अन्य कोणतीही घटना कंपनीला ठाऊक नसल्याचे सांगितले. हे विधान करताना हॅमिल्टनचा अपघात व मॅरिएटाच्या रुग्ण महिलेने कंपनीविरुद्ध दाखल केलेला दावा, हे दोन्ही कंपनीच्या नोंदीत होते. यंत्र पुन्हा सुरू झाले. ११ एप्रिल रोजी त्याच चालकाच्या हातून, त्याच क्रमाने, चेहऱ्याच्या त्वचेवर उपचार घेणाऱ्या दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत तेच घडले. १ मे रोजी त्याचा मृत्यू झाला.

या वेळी रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञाने यंत्र स्वतःहून बंद केले आणि चालक महिलेला सोबत घेऊन तिच्या हालचाली पुन्हा पुन्हा करून पाहिल्या. मर्म माहिती भरण्याच्या वेगात होते. सवयीने जलद टंकणाऱ्या हातांनाच हा बिघाड भेटत होता. सावकाश चाचणी घेणाऱ्या अभियंत्यांना तो दिसणे शक्य नव्हते.

== दोषाचे स्वरूप ==

आज्ञावलीतील अनेक कामे एकाच वेळी चालत व सामायिक स्मृतीतील मूल्ये वापरत. शलाका वळवणारे चुंबक स्थिर होण्यास सुमारे आठ सेकंद लागत. एवढ्या अवधीत चालकाने केलेली दुरुस्ती एका कामाला कळे, दुसऱ्याला कळत नसे. त्यामुळे तबकडी इलेक्ट्रॉन पद्धतीच्या जागी जाई, पण प्रवाहाची तीव्रता क्ष-किरणांचीच राही.

१७ जानेवारी १९८७ रोजी याकिमा येथे झालेल्या सहाव्या अपघाताचे कारण निराळे होते. तबकडीची जागा तपासायची आहे की नाही हे दर्शवणारे एक मूल्य प्रत्येक फेरीत एकाने वाढवले जाई. ते एका बाइटमध्ये साठवलेले असल्याने दर २५६ व्या फेरीस शून्य होई आणि शून्य म्हणजे तपासणीची गरज नाही, असा अर्थ आज्ञावली घेई. नेमक्या त्याच क्षणी चालकाने कळ दाबल्यास तपासणी टळत असे. मूल्य वाढवण्याऐवजी ठरावीक शून्येतर संख्या ठेवणे, एवढाच यावरचा उपाय होता.

== जबाबदारीचा प्रश्न ==

प्रकरणाचे सर्वांत सखोल विवेचन नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनी आय.ई.ई.ई.च्या ‘कॉम्प्युटर’ या नियतकालिकात जुलै १९९३ मध्ये केले. एकेक दोष शोधून तो बुजवला की यंत्र सुरक्षित झाले, या समजुतीवर त्यांचा मुख्य आक्षेप होता. मार्च १९८३ मध्ये कंपनीने केलेल्या सुरक्षा विश्लेषणात सॉफ्टवेअरमधील चुका विचारातच घेतल्या नव्हत्या. संगणकाकडून चुकीची ऊर्जा निवडली जाण्याची संभाव्यता मात्र १०⁻¹¹ अशी नेमकी नोंदवली होती. हा आकडा कशावरून आला, याचे समर्थन विश्लेषणात आढळत नाही.

दोष आज्ञावलीत राहून जाणे आणि दोषाची शंका आल्यावर ती दडपणे, या नैतिकदृष्ट्या भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट कुशल व प्रामाणिक प्रोग्रॅमरकडूनही घडते. दुसऱ्या गोष्टीमुळे मात्र प्रत्येक रुग्णालय आपल्यासमोरची घटना एकमेव समजत राहिले आणि एका ठिकाणचे ज्ञान दुसऱ्या ठिकाणच्या रुग्णाला वाचवू शकले नाही. टायलरच्या घटनांनंतर, १५ एप्रिल १९८६ रोजी, कंपनीने यंत्रधारकांना वर जाण्याच्या कळीचे टोपण काढून तिचे संपर्कबिंदू चिकटपट्टीने झाकण्यास कळवले. हे न केल्यास रुग्णास कोणता धोका संभवतो, याविषयी पत्रात अवाक्षर नव्हते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २ मे रोजी यंत्र सदोष ठरवले व ही सूचना अपुरी असल्याचे कळवले.

चालकांकडे बोट दाखवणेही सोपे होते, कारण कळ त्यांनीच दाबली होती. परंतु यंत्र काही दिवशी चाळीस वेळा किरकोळ कारणांनी अडखळे, संदेशांना केवळ क्रमांक असत आणि त्यांचा अर्थ चालकांच्या पुस्तिकेत दिलेला नव्हता. प्राणघातक बिघाड व रोजची अडचण पडद्यावर सारखीच दिसत असेल, तर दुर्लक्ष करण्याची सवय यंत्रानेच लावली, असे म्हणावे लागते.

आज्ञावली लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरने १९८६ मध्ये कंपनी सोडली. एका दाव्याच्या वेळी वकिलांनी प्रयत्न करूनही त्याच्याविषयीची माहिती कंपनीकडून मिळू शकली नाही. एकट्या माणसाने, पुरेशा लेखी दस्तऐवजांविना व स्वतंत्र परीक्षणाविना लिहिलेल्या आज्ञावलीवर रुग्णांचे प्राण सोपवण्याचा निर्णय त्याचा एकट्याचा नक्कीच नव्हता.

== पुढील घडामोडी ==

फेब्रुवारी १९८७ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील नियामक यंत्रणांनी दुरुस्ती होईपर्यंत यंत्रांचा वापर थांबवण्याची शिफारस केली. अंतिम दुरुस्ती आराखड्यात सॉफ्टवेअरमधील बदलांबरोबरच, संगणकावर अवलंबून नसलेली शलाका-रोधक यंत्रणा व तबकडीची स्थिती मोजणारे स्वतंत्र साधन समाविष्ट झाले. म्हणजे वगळलेली कुलपे वेगळ्या रूपात परत आली.

ए.सी.एम. व आय.ई.ई.ई. कॉम्प्युटर सोसायटी या संस्थांनी १९९९ मध्ये सॉफ्टवेअर अभियंत्यांसाठी संयुक्त आचारसंहिता स्वीकारली. तिच्या आठ तत्त्वांत लोकहिताला पहिले स्थान आहे. सॉफ्टवेअर सुरक्षित असल्याची साधार खात्री असल्यावाचून त्यास संमती देऊ नये आणि संभाव्य धोका संबंधितांपासून लपवू नये, ही बंधने तिच्यात आहेत. वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठी आय.ई.सी. ६२३०४ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

आचारसंहिता आल्यानंतरही जबाबदारीचा प्रश्न सुटला नाही. २०००-०१ या काळात पनामातील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत किरणोपचाराचा कालावधी मोजणाऱ्या एका सॉफ्टवेअरमुळे २८ रुग्णांना अतिमात्रा मिळाली. संरक्षक ठोकळ्यांची माहिती तेथील भौतिकतज्ज्ञांनी ठरलेल्या पद्धतीहून वेगळ्या रीतीने भरली होती. सॉफ्टवेअरने ती कोणताही इशारा न देता स्वीकारली आणि चुकीचे उत्तर दिले. फौजदारी खटला तीन भौतिकतज्ज्ञांवर चालला व २००४ मध्ये त्यांपैकी दोघांना दोषी ठरवण्यात आले.